वर्कशॉपच्या एक्झॉस्ट पंख्याचा वेग कमी-जास्त कसा करावा: आधी मोटर ओळखा, मग रेग्युलेटर घ्या

चवथीच्या आधीचे दोन महिने गोव्यातल्या डिचोली, फोंडा, पेडणे भागातल्या चित्रशाळांमध्ये, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, एकाच पंख्याकडून दोन उलट कामं हवी असतात. माती ओली असताना हवा हळू हलली पाहिजे. जोरात ओढली तर मूर्तीचा वरचा थर आधी सुकतो, आतला ओलाच राहतो आणि मानेला, बोटांना तडे जातात. तीच मूर्ती रंगवायला घेतली आणि स्प्रे गन सुरू झाली की मात्र हवेत उडालेला रंग ताबडतोब बाहेर गेला पाहिजे. सुतारशाळेतही तसंच. सँडर चालू असताना पूर्ण जोर हवा, जोडकाम करताना कानाशी गोंगाट नको. वेल्डिंगच्या शेडमध्ये धूर असेल तेव्हा एक वेग, बाकी वेळी दुसरा.

म्हणून एक्झॉस्टला रेग्युलेटर लावायचा विचार बहुतेक वर्कशॉपवाल्यांच्या मनात येतो, आणि तो चांगलाच आहे. घोळ होतो तो पुढे. दुकानात नुसता ‘पंख्याचा रेग्युलेटर’ मागितला की हातात पडतो तो घरातल्या सीलिंग फॅनचा. काही मोटरींना तो चालतो, बऱ्याच मोटरींना तो अपुरा पडतो, आणि एका प्रकारच्या मोटरीचं वाइंडिंग तो जाळून टाकतो. त्यामुळे वेग कसा कमी करायचा हे विचारण्याआधी आपल्या भिंतीतली मोटर कुठल्या जातीची आहे हे विचारायला हवं. या लेखात सगळ्यात जास्त जागा मी त्यालाच दिली आहे.

कामाला हात लावण्याआधी एमसीबी (बोर्डावरचा सर्किट ब्रेकर) पाडा, त्यावर चिठ्ठी लावा आणि टेस्टरवर न थांबता मीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही तपासा. कपॅसिटर असलेल्या मोटरीत वीज बंद केल्यावरही चार्ज राहतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरने दोन्ही टोकांना काही सेकंद धरून तो उतरवा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढू नका. टर्मिनल बॉक्स उघडणं, कनेक्शन बदलणं ही कामं लायसन्सधारक वायरमनकडूनच करून घ्या. मोटर ओळखणं आणि मोजमापं घेणं मात्र प्रत्येक मालकाला आलं पाहिजे, म्हणजे वायरमन जे बसवतोय ते बरोबर आहे की नाही हे कळतं.

पहिली पायरी: मोटर ओळखा

नेमप्लेट पुसून घ्या. त्यावर व्होल्ट, ॲम्पियर, वॅट किंवा एचपी, फेज आणि आरपीएम असतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटरचा मूळ वेग पोलच्या, म्हणजे तिच्यातल्या चुंबकीय ध्रुवांच्या, संख्येवर ठरतो: चार पोलला १५००, सहा पोलला १०००, आठ पोलला ७५०. प्रत्यक्षात इंडक्शन मोटर त्याहून थोडी मागे फिरते. म्हणून नेमप्लेटवर १४०० किंवा १४४० दिसलं तर मोटर चार पोलची, ९०० च्या आसपास दिसलं तर सहा पोलची. या मागे पडण्याला स्लिप म्हणतात. पुढे तिचा हिशेब लागणार आहे.

थ्री-फेज लिहिलं असेल आणि ४१५ व्होल्ट असेल तर ओळखण्याचं काम संपलं. तुमची वाट व्हीएफडीची, म्हणजे विजेची फ्रीक्वेन्सी बदलून वेग बदलणाऱ्या उपकरणाची, थेट त्या भागाकडे जा. सिंगल फेज असेल तर आणखी खोलात जावं लागतं, कारण सिंगल फेजच्या मोटरी बाहेरून सारख्या दिसतात आणि आतून वेगळ्या असतात.

सगळ्यात सोपी परीक्षा कानाची आहे. पंखा पूर्ण वेगात आणा, बंद करा आणि जवळ उभे राहून ऐका. वेग उतरत उतरत जाताना मध्येच मोटरच्या मागच्या झाकणातून स्पष्ट ‘टक’ असा आवाज आला, तर आत सेंट्रिफ्यूगल स्विच आहे. सुरू करताना हा स्विच स्टार्टिंग वाइंडिंगला वीज देतो आणि मोटर साधारण पाऊण वेगाला पोचली की ती तोडतो. बंद करताना वेग पाऊण पटीखाली आला की तो पुन्हा जोडला जातो, तोच हा आवाज. अशा मोटरीवर बहुधा काळा, गोल, बेकलाइटच्या डब्यातला कपॅसिटर असतो आणि त्यावर ६०–८० किंवा १००–१२० मायक्रोफॅरड असा पट्ट्यातला आकडा छापलेला असतो.

या मोटरीला व्होल्टेज कमी करणारा कुठलाही रेग्युलेटर लावू नका. वेग पाऊण पटीखाली गेला की स्विच जोडला जातो आणि जे वाइंडिंग दोन-तीन सेकंदांसाठी बनवलंय ते सलग चालू राहतं. काही मिनिटांत वार्निशचा वास येतो, मग धूर. पाण्याचे पंप, एअर कॉम्प्रेसर यांच्या मोटरी या जातीच्या असतात. जुन्या पंपाची मोटर पंख्याला बसवण्याची पद्धत आपल्या खेड्यापाड्यांत आहे, म्हणून हे ठासून लिहितोय.

‘टक’ आला नाही आणि मोटरवर एकच पांढरा किंवा करडा कपॅसिटर आहे, त्यावर २.५, ४, ६ किंवा ८ मायक्रोफॅरड असा एकच आकडा आणि ४४० व्होल्ट एसी लिहिलंय, तर ती कायम कपॅसिटरवर चालणारी मोटर. वर्कशॉपचे १२, १५, १८ इंची सिंगल फेज पंखे बहुतेक याच जातीचे, आणि व्होल्टेजने वेग कमी करायला हीच जात योग्य. कपॅसिटर मुळीच नसेल, पंखा छोटा असेल आणि पोलच्या एका कोपऱ्यात तांब्याचं जाड कडं दिसत असेल तर ती शेडेड पोल मोटर. तिलाही व्होल्टेज कमी केलेलं चालतं, पण ती मुळातच गरम चालते, त्यामुळे फार खाली नेऊ नये.

दुसरी पायरी: पंखा निरोगी आहे का ते पाहा

आजारी मोटरला रेग्युलेटर लावून उपयोग नाही. हाताने पाती फिरवा, ती मोकळी फिरून हळूहळू थांबली पाहिजेत. लगेच थांबली तर बेअरिंग किंवा बुश गेलं आहे. गोव्यात किनाऱ्याजवळच्या शेडमध्ये खारी हवा आणि लाकडाचा भुसा मिळून बुशमध्ये घट्ट चिकटा तयार होतो. पूर्ण व्होल्टेजवर मोटर तो ओढून नेते, कमी व्होल्टेजवर तिथेच अडकते आणि तापते.

कपॅसिटर मीटरवर मोजा. ४ मायक्रोफॅरडचा ३ दाखवत असेल तर आधी तो बदला. पंखा आपोआप मंद झालाय आणि आवाज घुमतोय अशा तक्रारीत दोष पुष्कळदा एवढ्याशा कपॅसिटरचा असतो. मेगर मिळाला तर ५०० व्होल्टवर वाइंडिंग आणि बॉडीच्या मधलं इन्सुलेशन मोजा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर वाळवून पुन्हा मोजा, त्याशिवाय चालू करू नका. जून ते सप्टेंबर बंद राहिलेल्या मोटरीत ओल धरलेली असणं नेहमीचंच.

मग व्होल्टेज. सकाळी, दुपारी आणि वर्कशॉपमधली सगळी यंत्रं चालू असताना, अशा तिन्ही वेळी मोजा. लाइनच्या टोकाला असलेल्या शेडमध्ये २३० ऐवजी २०० व्होल्ट येत असतील तर मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटलेला असतो: २०० भागिले २३०, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ७६ टक्के. रेग्युलेटर लावायच्या आधीच पाव जोर गेलेला. अशा जागी रेग्युलेटरची सगळ्यात खालची पायरी वापरायची नाही असं आधीच ठरवून टाका.

तिसरी पायरी: वेग किती खाली नेता येईल ते हवेवरून ठरवा

पंख्याचे तीन नियम पक्के आहेत. वेग जितका, हवा तितकी. दाब वेगाच्या वर्गाने बदलतो आणि लागणारी शक्ती घनाने. वेग ८० टक्के केला तर हवा ८० टक्के, दाब ६४ टक्के, पात्यांना लागणारी शक्ती जेमतेम ५१ टक्के. वेग निम्मा केला तर शक्ती आठव्या हिश्शावर येते. बिलाच्या दृष्टीने हे सुखाचं आहे, मात्र व्होल्टेज कमी करणाऱ्या पद्धतीत यातली बरीच बचत मोटरच्या आत उष्णता होऊन जाते. व्हीएफडी आणि बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरच्या) पंख्यात ती खरोखर हाताला लागते.

खोलीचा हिशेब करा. ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ४ मीटर उंच शेड म्हणजे १२० घनमीटर. ताशी १५ वेळा हवा बदलायची ठरवली तर १८०० घनमीटर हवा लागेल. पंख्याच्या कॅटलॉगमध्ये ताशी ४५०० घनमीटर दिलं असेल तर कागदावर ४० टक्के वेगही पुरतो. पण कॅटलॉगमधला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडप, बाहेरची हूड आणि भिंतीवरचा वारा यांचा विरोध त्यात धरलेला नसतो.

गोव्यात या वाऱ्याला फार महत्त्व आहे. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरचा वारा भिंतीवर सुमारे ६० पास्कल दाब टाकतो. ९०० आरपीएमच्या साध्या प्रोपेलर पंख्याचा पूर्ण वेगातला दाबही साधारण एवढ्याच पट्ट्यातला. वेग ६० टक्क्यांवर आणला की दाब ३६ टक्के उरतो आणि समुद्राकडे तोंड केलेला पंखा फिरत राहूनही हवा बाहेर टाकत नाही. उलट पावसाचे तुषार आत येतात. झडपेच्या पट्ट्याही मग उघडत नाहीत, नुसत्या फडफडतात. नवी शेड बांधत असाल तर एक्झॉस्ट पूर्वेच्या भिंतीत ठेवा. जुनी असेल तर पश्चिमेच्या पंख्याला बाहेरून खाली तोंड असलेली हूड लावा आणि पावसाळ्यासाठी किमान वेग वेगळा, वरचा ठेवा.

हवा बाहेर जायची तर ती आत यायलाही वाट हवी. पंख्यासमोरच्या भिंतीत पंख्याच्या तोंडापेक्षा मोठी उघडी जागा नसेल तर रेग्युलेटरच्या भानगडीत पडू नका, आधी खिडकी उघडा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असं माझं ठाम मत आहे.

आणि एक मर्यादा जी ओलांडायचीच नाही. थिनर, एनसी लॅकर, मेलामाइन पॉलिश, फायबरग्लासच्या बोटींना लागणारं रेझिन आणि ॲसिटोन यांची वाफ पेट घेते. रेझिनमधल्या स्टायरीनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, सुमारे ३१ अंश सेल्सिअस आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारचं तापमान त्याच्या वर जातं. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट तर शून्याच्याही कितीतरी खाली. अशा खोलीत साधी मोटर आणि साधा रेग्युलेटर दोन्ही चालत नाहीत. फ्लेमप्रूफ मोटर लागते, स्विच आणि कंट्रोल खोलीच्या बाहेर लागतात, आणि काम चालू असताना व संपल्यावरही वाफ जाईपर्यंत पंखा पूर्ण वेगातच राहतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ओढ जमिनीलगत हवी, छताशी लावलेला पंखा तिला उशिरा पकडतो.

चौथी पायरी: पद्धत निवडा

घरगुती कपॅसिटर रेग्युलेटर मोठ्या एक्झॉस्टला का चालत नाही ते आकड्यांतच दिसतं. त्यात १, २.२, ३.३ मायक्रोफॅरड असे छोटे कपॅसिटर सिरीजमध्ये जोडलेले असतात. ५० हर्ट्झला ३.३ मायक्रोफॅरडचा अडथळा सुमारे ९६५ ओहम. ७५ वॅटच्या सीलिंग फॅनचा स्वतःचा अडथळा ७०० ओहमच्या आसपास, त्यामुळे तिथे जोडी जमते. १ ॲम्पियर घेणाऱ्या १८ इंची एक्झॉस्टचा अडथळा मात्र २३० ओहम. त्याच्यासमोर ९६५ ओहम ठेवले तर पंखा हलतही नाही. कोणी मोठे कपॅसिटर लावून बघतात. तिथे दुसराच धोका असतो: कपॅसिटर आणि मोटरची कॉइल यांचा मेळ बसला तर मोटरच्या टोकांवर व्होल्टेज २३० च्याही वर चढतं. ९ किंवा १२ इंची, ६०-७० वॅटपर्यंतच्या पंख्याला हा रेग्युलेटर जरूर वापरा. त्यात आवाज येत नाही आणि तो तापतही नाही. मोठ्या पंख्याला नको.

ट्रायॅकचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, ज्याचं बटण गोल सलग फिरतं, तो स्वस्त आणि आकाराने लहान. तो विजेची प्रत्येक लहर कापून मोटरला देतो, म्हणून मोटर गुणगुणते आणि थोडी जास्त तापते. घ्यायचाच तर मोटरसाठी बनवलेला घ्या, बल्बचा डिमर नको. मोटरच्या करंटच्या निदान तिप्पट क्षमतेचा असावा आणि त्यात स्नबर (व्होल्टेजचे झटके शोषणारा छोटा भाग) असावा. किमान वेगाचं आत दडलेलं छोटं ॲडजस्टमेंट असेल तर उत्तम. मूर्तिकारांना, शिंप्यांना, ज्यांना शांतता हवी त्यांना हा मी सुचवत नाही.

सिंगल फेज पंख्यासाठी माझी पहिली पसंती ऑटो ट्रान्सफॉर्मरला, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टेजची टोकं (टॅप) बाहेर काढलेल्या ट्रान्सफॉर्मरला. तो लहर न कापता नुसतं व्होल्टेज उतरवतो, त्यामुळे गुणगुण वाढत नाही. जड असतो, किंमतही जास्त, पण आपल्या दमट हवेत वर्षानुवर्षं टिकतो. २३०, १९०, १६५, १४५ असे टॅप असलेला, मोटरच्या करंटच्या दुप्पट ते तिप्पट ॲम्पियरचा घ्या. १ ॲम्पियरच्या पंख्याला ३ ॲम्पियरचा. हवं तसं सलग फिरवायचं असेल तर डिमरस्टॅटही चालतो, फक्त त्याची मूठ खालच्या मर्यादेच्या पुढे जाऊ नये म्हणून तिथे अडसर बसवून घ्या.

बेल्टवर चालणारा ब्लोअर असेल तर विजेला हातच लावू नका. पुली बदला. मोटर १४४० ने फिरतेय, तिची पुली ४ इंची आणि ब्लोअरची ८ इंची असेल तर ब्लोअर ७२० ने फिरतो. मोटरची पुली ३.५ इंची केली की ६३० ने फिरेल. मोटर स्वतःच्या पूर्ण वेगात राहते, नीट थंड होते, जळण्याची भीती नाही. वेग रोज बदलायचा नसेल तर यापेक्षा खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

दोन पंखे लावून एक बंद ठेवणं हाही वेग कमी करण्याचाच प्रकार आहे, आणि तो सर्वांत कमी लेखला जातो. बंद पंख्याला झडप मात्र हवीच, नाहीतर चालू पंखा त्याच भोकातून बाहेरची हवा आत ओढत बसतो.

नवीनच पंखा घ्यायचा असेल तर बीएलडीसी घ्या. वेग कमी करायची सोय त्याच्या कंट्रोलरमध्येच असते आणि मंद वेगात तो तापत नाही. त्याला बाहेरून कुठलाही रेग्युलेटर जोडायचा नाही.

थ्री-फेज मोटर आणि व्हीएफडी

थ्री-फेज पंख्याला व्हीएफडी म्हणजे सर्वांत मोकळी वाट. तो व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी दोन्ही बरोबरीने कमी करतो, त्यामुळे मोटर मंद फिरली तरी स्लिप वाढत नाही. थ्री-फेज कनेक्शन नसलेल्या शेडमध्येही हे जमतं: सिंगल फेज २३० व्होल्ट आत घेऊन थ्री-फेज २३० व्होल्ट बाहेर देणारे छोटे व्हीएफडी मिळतात. ४१५ व्होल्ट स्टारमध्ये चालणाऱ्या लहान मोटरीच्या टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलून ती डेल्टामध्ये करायची (स्टार आणि डेल्टा म्हणजे वाइंडिंगची टोकं जोडायच्या दोन पद्धती), मग ती २३०-२४० व्होल्टवर चालते. करंट मात्र १.७३ पट होतो. १ एचपीची मोटर स्टारमध्ये १.८ ॲम्पियर घेत असेल तर डेल्टामध्ये ३.१ घेईल. व्हीएफडीमध्ये मोटर करंट भरताना हाच आकडा भरायचा. तीनच टोकं बाहेर असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून बाकीची बाहेर काढून घ्यावी लागतात.

सेटिंग्जमध्ये बेस फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ, कमाल ५० हर्ट्झ, किमान २० ते २५ हर्ट्झ, वेग चढायला १० ते १५ सेकंद आणि पंख्याचा व्ही-एफ कर्व्ह (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवणारी सेटिंग). कमाल ५० च्या वर नेऊ नका. ६० हर्ट्झ केलं तर घनाच्या नियमाने शक्ती १.७३ पट लागते आणि पातीही त्या वेगासाठी बनवलेली नसतात. एखाद्या ठरावीक वेगाला पत्रा थरथरत असेल तर ती फ्रीक्वेन्सी टाळण्याची सोय व्हीएफडीत असते, ती वापरा.

व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये स्विच किंवा कॉन्टॅक्टर लावून चालू असताना तो पाडायचा नाही. मोटरकडे जाणाऱ्या तारेवर कपॅसिटर जोडायचा नाही. व्हीएफडी सिंगल फेज कपॅसिटर मोटरला लावायचा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. बंद केल्यावर झाकण उघडण्याआधी स्टिकरवर लिहिलेली मिनिटं थांबा, आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं. भुसा आणि खारी हवा हे व्हीएफडीचे शत्रू, म्हणून तो आयपी५४ (धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव करणाऱ्या) पॅनेलमध्ये, धुळीपासून दूरच्या भिंतीवर लावा.

पाचवी पायरी: जोडणी

आधी एमसीबी, मग ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर), मग रेग्युलेटर, मग मोटर. रेग्युलेटर फेजच्या तारेवरच यायला हवा. न्यूट्रल तोडून लावला तर पंखा तसाच चालतो, पण बंद असतानाही मोटरमध्ये फेज राहतो. मोटरची बॉडी, ट्रान्सफॉर्मरचा गाभा आणि पत्र्याचा डबा यांना हिरवी अर्थिंगची तार स्वतंत्रपणे जोडा.

टॅप बदलणाऱ्या रोटरी स्विचबद्दल दोन गोष्टी. तो एक टॅप सोडून मगच दुसरा पकडणारा असावा. दोन टॅप क्षणभर जरी एकत्र जोडले गेले तरी ट्रान्सफॉर्मरचा तेवढा भाग शॉर्ट होतो. आणि पायऱ्यांचा क्रम असा लावा की ‘बंद’च्या शेजारी सर्वांत मोठा वेग येईल आणि पुढे फिरवत गेलं की वेग उतरत जाईल. त्यामुळे पंखा प्रत्येक वेळी पूर्ण जोराने सुरू होतो आणि मगच मंदावतो. मंद वेगावर थेट सुरू केलेला पंखा चिकट्यामुळे किंवा समोरच्या वाऱ्यामुळे अडला तर तो तसाच उभा राहून जळतो.

सहावी पायरी: तापमानाची परीक्षा

ही पायरी कोणी करत नाही, आणि मोटरी जळतात त्या इथेच. व्होल्टेज कमी करून वेग उतरवला की स्लिप वाढते आणि ती उष्णता रोटरमध्ये साठते. पंख्याच्या भाराचा हिशेब मांडला तर रोटरमधली उष्णता सर्वांत मंद वेगाला नसते. ती सर्वाधिक असते मूळ वेगाच्या दोन-तृतीयांश वेगाला. १५०० च्या मोटरला १००० आरपीएमच्या आसपास आणि १००० च्या मोटरला ६७० च्या आसपास. चार पोलची मोटर १४२५ वरून १००० वर आणली तर रोटरची उष्णता तिपटीहून जास्त होते, आणि थंड करणारी हवा त्याच वेळी कमी झालेली असते. मधली पायरी सुरक्षित आणि शेवटची धोक्याची हा समज म्हणून सोडून द्या.

टॅकोमीटर आणा, पात्याला चमकपट्टी चिकटवा. प्रत्येक पायरीला वेग, व्होल्टेज आणि क्लॅम्प मीटरने करंट लिहून घ्या. मग दोन-तृतीयांशच्या जवळची पायरी लावून पंखा तासभर चालवा. मोटरच्या बॉडीवर काळी टेप चिकटवून इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान घ्या, कारण चकचकीत पत्र्यावर तो चुकीचा आकडा दाखवतो. बॉडी ७५ अंशांच्या वर गेली तर ती पायरी बाद.

खात्रीचा आकडा हवा असेल तर तांब्याच्या रेझिस्टन्सवरून वाइंडिंगचं तापमान काढता येतं. मोटर थंड असताना रनिंग वाइंडिंगचा रेझिस्टन्स आणि खोलीचं तापमान लिहा. तासभर चालवून वीज तोडा, पाती थांबली की अर्ध्या मिनिटाच्या आत पुन्हा मोजा. गरम रेझिस्टन्सला थंडने भागा, त्याला २३५ अधिक खोलीच्या तापमानाने गुणा, त्यातून २३५ वजा करा. उदाहरण: ३० अंशांना ४० ओहम, नंतर ५० ओहम. १.२५ गुणिले २६५ म्हणजे ३३१, वजा २३५, म्हणजे ९६ अंश. बी क्लासच्या इन्सुलेशनची मर्यादा १३० अंश आहे, त्यामुळे ही मोटर सुखरूप. हाच आकडा ११५ च्या पुढे आला तर मे महिन्याच्या दुपारी काय होईल याचा विचार करून त्या पायरीचा टॅप काढून टाका.

पास झालेल्या पायऱ्यांवर रंगाने खुणा करा: सुकवणी, जोडकाम, सँडिंग, स्प्रे. शेडमध्ये काम करणाऱ्या नव्या मुलाला १६५ व्होल्ट म्हणजे काय ते कळायची गरज नाही, कोणत्या कामाला कोणती खूण ते कळलं पाहिजे.

दर वर्षी मेअखेर, पाऊस लागण्याआधी, पाती आणि झडप धुवा, बुशला तेल द्या किंवा बेअरिंग तपासा, कपॅसिटर मोजा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, रेग्युलेटरच्या डब्यातली टर्मिनलं घट्ट करा. खाऱ्या हवेने हिरवी पडलेली लग (तारेच्या टोकाची धातूची पट्टी) कापून नवी लावा. मग परीक्षेच्या दिवशी लिहून ठेवलेले करंटचे आकडे काढा आणि प्रत्येक पायरीला पुन्हा मोजा. त्याच वेगाला करंट वाढला असेल तर दोष मोटरमध्ये आहे. करंट आणि वेग दोन्ही उतरले असतील तर आधी येणारं व्होल्टेज पाहा, ते ठीक असेल तर रेग्युलेटर किंवा सैल जोड शोधा.